गादी कठीण हवी की टिकाऊ?

अजिंठ्याच्या बाराव्या क्रमांकाच्या लेण्यात मधल्या दालनाच्या तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील हा विहार. खोल्यांमध्ये डोंगराच्याच पाषाणातून कोरून काढलेले झोपण्याचे ओटे आहेत. पाहुण्यांना घेऊन तेथे गेलो की त्यांच्यापैकी कुणीतरी हमखास म्हणते, "ही गादी मात्र दोन हजार वर्षांत बसली नाही!" कठीण आणि टिकाऊ या दोन्ही कसोट्यांना ती शय्या उतरते, हे खरेच. तिच्यावर रात्र काढण्याची इच्छा मात्र आजवर कुणी व्यक्त केलेली नाही.

नवी गादी घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात हे दोन शब्द जणू एकाच अर्थाने वावरत असतात. जुनी गादी मधोमध खचलेली असते, सकाळी उठताना कंबर धरलेली असते आणि दुकानात पाऊल टाकताच तो म्हणतो, "एकदम कडक दाखवा." दुकानदारही मग जी गादी दाबल्यावर दबत नाही ती पुढे करतो. परंतु आज कठीण लागणारी गादी पाच वर्षांनीही सपाट राहील, याची हमी तो कठीणपणा देत नाही. हलक्या प्रतीची गादीसुद्धा पहिल्या दिवशी फळीसारखी कडक बनवता येते. कठीणपणा हा स्पर्शाचा गुण आहे, तर टिकाऊपणा हा आत भरलेल्या द्रव्याचा. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आपल्या समाजात या गोंधळाला आणखी एक कारण आहे. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत भूशयनाचा समावेश आहे. पौषध करणारा श्रावकही त्या रात्री मऊ शय्येचा त्याग करतो. लहानपणापासून हे पाहिल्यामुळे कठीण अंथरूण शरीरालाही हितकारकच असणार, असे आपण गृहीत धरतो. परंतु तो त्याग देहसुखाची आसक्ती कमी व्हावी म्हणून असतो. कंबरदुखीवरचा उपचार म्हणून तो कुणी सांगितलेला नाही. सत्तरीच्या आजींना संधिवात असताना "सवय होईल" म्हणून पातळ सतरंजीवर झोपवणे, याला तपही म्हणता येणार नाही आणि औषधही.

वैद्यकीय बाजू याहून बरीच स्पष्ट आहे. स्पेनमधील संशोधकांनी दीर्घकाळ कंबरदुखी असलेल्या ३१३ व्यक्तींना दोन गटांत विभागून एका गटाला कठीण आणि दुसऱ्याला मध्यम कठीण गाद्या दिल्या. कोणाला कोणती गादी मिळाली आहे, हे त्यांना सांगितले नव्हते. नव्वद दिवसांनंतर मध्यम कठीण गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास अधिक कमी झालेला आढळला. अंथरुणात पडल्यावरचा, उठतानाचा आणि दिवसाच्या हालचालीतलाही. हा अभ्यास २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कारण समजण्यास सोपे आहे. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि नितंब हे भाग थोडे आत जायला हवेत आणि कमरेखालची पोकळी भरून निघायला हवी. फळीवर खांदा आत जात नाही, तर खचलेल्या गादीत नितंब फार खोल जातात. दोन्हीकडे पाठीचा कणा वाकतोच. तेव्हा मागणी करायची ती "दबेल, पण खचणार नाही" अशा गादीची. दुकानात गादीवर 'ऑर्थो' असे छापलेले दिसेल. हा शब्द विक्रेत्याचा आहे, डॉक्टरांचा नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता आत काय भरलेले असते ते पाहू. सुरुवात अर्थातच कापसापासून करायला हवी, कारण अजिंठा, सिल्लोड, सोयगाव आणि घाट उतरल्यावर जामनेर हा सारा कापसाचा मुलूख. माझी बँकेतील बरीच वर्षे जिनिंगमधील मालाच्या तारणावर कर्ज देण्यात गेली. एका गाठीचे वजन १७० किलो. गाठी मोजल्याशिवाय आणि एखादी काट्यावर चढवल्याशिवाय तपासणीच्या अहवालावर सही करायची नाही, हा आमचा शिरस्ता होता. पुढे गादीच्या बाबतीतही तोच उपयोगी पडला, ते ओघाने येईलच.

पूर्वी उन्हाळ्यात पिंजारी गल्लीत येऊन बसत. धनुकलीच्या तातेचा तो ठेक्यातला आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तो आजही आठवत असेल. जुन्या गादीतला गाठी झालेला कापूस बाहेर काढायचा, पिंजून त्याचा तंतू तंतू मोकळा करायचा, दोन-एक किलो नवा कापूस घालून तूट भरून काढायची आणि स्वच्छ गादीपाटात पुन्हा भरून टाके घालायचे. सायंकाळी तीच गादी दुप्पट उंचीची होऊन घरात येई. धनुकलीची जागा आता विजेच्या यंत्राने घेतली आहे, तरी तत्त्व तेच. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर बाकीच्या सर्व गाद्यांवर केवळ घसारा आकारता येतो. दुरुस्ती करून पुन्हा मूळ किमतीच्या जवळ आणता येईल अशी मालमत्ता एकटी कापसाची गादी आहे. तिच्यात झोळ पडला तर तो दोष नसून दुरुस्तीची वेळ झाल्याची खूण समजावी.

तरीही "आजीची गादी वीस वर्षे गेली, आमची तीन वर्षांत का बसते?" हा प्रश्न उरतोच. एक कारण भरताना होणाऱ्या लबाडीचे आहे. वर पांढराशुभ्र कापूस आणि आत सूतगिरणीतील टाकाऊ तंतू किंवा जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून पिंजलेला रंगीत माल. दुसरे कारण शेतातले आहे. पूर्वीच्या देशी वाणांचा धागा आखूड, जाड आणि खरखरीत असे. कापड गिरणीला तो कमी पसंत. गादीत मात्र तोच चांगला, कारण जाड तंतू दबल्यावर पुन्हा उभारी धरतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत आपल्या शिवारातून देशी वाण जवळजवळ दिसेनासा झाला. आजचा लांब, तलम धागा वस्त्रासाठी उत्तम. गादीत तो लवकर चेपतो आणि त्याच्या गाठी होतात. देशी कापूस भरून देणारा गादी कारखाना मिळाला तर दोन पैसे जास्त द्यावेत. कापूस कोणताही असो, गादी आपल्या डोळ्यांसमोर भरून घ्यावी. एकट्या माणसाच्या गादीत दहा-बारा किलो कापूस आणि टाके जवळजवळ असले म्हणजे तो एका बाजूला सरकत नाही. अजिंठ्याच्या डोंगरात सावरीची झाडे आहेत. त्यांच्या बोंडांतला कापूस रेशमासारखा मऊ असतो. उशीसाठी तो घ्यावा, गादीसाठी नको. त्याचा तंतू ठिसूळ असल्याने भाराखाली त्याची पूड होते.

काथ्याची गादी म्हणजे नारळाच्या सोडणाचे कुरळे केलेले तंतू, रबराच्या चिकाने एकमेकांना जोडून घट्ट केलेले. कठीण गादी हवी असणाऱ्यांनी अनेक वर्षे हीच निवडली आणि ते बरोबरच होते. हवा खेळती राहते, आपल्या उन्हाळ्यात पाठ तापत नाही. ती खचते ती तंतू झिजल्याने नव्हे, तर त्यांना जोडणारा रबराचा सांधा सुटल्याने. गादीखाली तांबूस भुसा दिसू लागला की समजावे, तिचे आयुष्य संपत आले. कोरड्या कडक उष्णतेने रबर लवकर ठिसूळ होते, म्हणून पत्र्याच्या छपराखालच्या किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या खोलीसाठी मी काथ्या सुचवणार नाही. अशा काथ्याच्या पत्र्यांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस ८३९१ हे प्रमाण आहे, तर गादीच्या फोमसाठी आयएस ७९३३. त्यांचा उल्लेख माहितीपत्रकात आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

फोमच्या बाबतीत ग्राहकाची सर्वांत अधिक फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर. फोमचे दोन स्वतंत्र मापदंड आहेत. एक कठीणपणा, म्हणजे ठरावीक खोलीपर्यंत दाबण्यास किती जोर लागतो. दुसरी घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचे वजन किती किलो. टिकणे हे मुख्यतः दुसऱ्यावर अवलंबून असते, कारण वजन कमी म्हणजे द्रव्य कमी आणि पोकळीच जास्त. हलका फोम रसायनांच्या प्रमाणात फेरफार करून कठीण बनवता येतो, दुकानात तो हाताला छान लागतो आणि दोन पावसाळ्यांत मधोमध खळगा पडतो. रोज वापरायच्या गादीचा फोम ३२ पेक्षा कमी घनतेचा नसावा, ४० चा मिळाला तर उत्तम. हे कसे पडताळायचे? सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच इंच जाड गादीचे आकारमान सुमारे ०.२१ घनमीटर होते. ३२ घनतेचा असेल तर आतील फोम पावणेसात किलो भरला पाहिजे, ४० चा असेल तर साडेआठ किलो. खोळीसाठी किलोभर अधिक धरा. चाळीसची म्हणून दाखवलेली गादी खोळीसह सहा किलो भरली, तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

अर्थात वजनालाही फसवता येते. काही फोममध्ये चुनखडीची पूड मिसळून वजन वाढवतात. असा फोम सहज फाटतो, म्हणून नमुन्याचा तुकडा मागून ओढून पाहावा. फोमचे बारीक तुकडे दाबून, जोडून बनवलेला रिबॉन्डेड फोम मुळातच कितीतरी जड असतो, त्याला वरचा हिशेब लागू नाही. गाभ्यासाठी तो चांगला आहे: कठीण, सहसा न खचणारा आणि तुलनेने स्वस्त. त्यावर इंच-दीड इंच चांगल्या घनतेचा मऊ थर असला की आपल्याला हवी असलेली मध्यम कठीण गादी होते. नैसर्गिक लॅटेक्स फार टिकतो. किंमत आणि वजन दोन्ही भारी. मेमरी फोम उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये तो दोन निराळ्या गाद्यांसारखा वागतो. वयस्कांना त्यात कूस बदलणेही जड जाते.

स्प्रिंगच्या गाद्यांविषयी एवढेच की खळगा बहुधा स्प्रिंगमुळे नव्हे, वरच्या मऊ थरांमुळे पडतो. जितका वरचा थर जाड आणि गुबगुबीत, तितका तो लवकर चेपतो. शिवाय असा थर एकाच बाजूला असल्यामुळे ती गादी उलटता येत नाही. दोन्ही बाजूंनी वापरता येणारी गादी, मग ती कोणत्याही प्रकारची असो, माझ्या मते नेहमीच अधिक चांगला व्यवहार आहे.

गादीला दोष देण्याआधी पलंग पाहावा. नवार सैल झालेली खाट, मधोमध वाकलेला प्लायवूड किंवा फार अंतरावर ठोकलेल्या पट्ट्या यांवर उत्तम गादीही खचलेलीच वाटणार. परीक्षा सोपी आहे. गादी चार रात्री जमिनीवर टाकून झोपावे. कंबर सुधारली तर दोष पलंगाचा. खळगा मोजायचा तर गादीवर आडवी सुतळी ताणून धरावी आणि मधल्या जागी पट्टी उभी करून सुतळीपासून गादीपर्यंतचे अंतर वाचावे. हा आकडा पुढे हमीच्या वेळी कामास येतो.

हमीपत्रावर 'दहा वर्षे' ही अक्षरे मोठी असतात आणि अटी लहान. माझ्या एका नातलगांनी शहरातील एका दुकानातून बरीच महाग गादी आणली. घरात पंच्याहत्तरीच्या काकू, दोन वर्षांपूर्वी मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या. चौदाव्या महिन्यात गादीला खळगा पडला आणि काकू रात्री दोनदोनदा उठून खुर्चीत बसू लागल्या. कंपनीचा माणूस आला, त्याने मोजले, वीस मिलिमीटर भरले. हमीपत्रात लिहिले होते की २५ मिलिमीटरपेक्षा कमी खळगा हा 'नैसर्गिक वापर' समजला जाईल. म्हणजे दोष मान्य होण्यासाठी काकूंनी आणखी पाच मिलिमीटर यातना सोसायच्या! शिवाय हमी घसाऱ्याच्या तत्त्वावर होती: पहिल्या वर्षानंतर दरवर्षी किमतीचा काही हिस्सा वजा. म्हणून खरेदीपूर्वीच चार गोष्टी वाचून घ्याव्यात. किती खोल खळगा दोष मानला जाईल, बदलून मिळेल की घसारा कापून, ने-आण कोणाच्या खर्चाने आणि कोणत्या पलंगावर ठेवली तर हमी रद्द होईल. बिलावर घनता आणि थरांची जाडी लिहून घ्यावी. लिहून देण्यास जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नये. तोंडी दिलेले वचन आणि बिलावरचा मजकूर यांत अंतर पडले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आमच्या नातलगांनी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढे दुकानदाराने गादी परत घेऊन निम्मी रक्कम दिली.

दुसऱ्या खरेदीला त्यांनी मला सोबत नेले. मी घरातला ताणकाटा पिशवीत घातला होता. दुकानदार आधी हसला, मग त्याने स्वतःच मागच्या बाजूचा मोठा काटा आणवला आणि आम्ही तीन गाद्या त्यावर चढवल्या. एकीचे वजन सांगितलेल्या घनतेला मुळीच जुळेना. "आजवर कुणी मोजली नव्हती," असे तो म्हणाला आणि मला ते खरे वाटले. काकूंना चप्पल काढून प्रत्येक गादीवर दहा-दहा मिनिटे कुशीवर झोपायला लावले. त्या संकोचत होत्या. भर दुकानात आडवे कसे पडायचे? पण रोज आठ तास जिथे पडायचे आहे, तिथे दहा मिनिटे पडून पाहिल्याशिवाय पैसे मोजणे मला पटत नाही. शेवटी निवडली ती रिबॉन्डेड गाभ्याची, दोन्ही बाजूंना इंचभर ४० घनतेचा फोम असलेली पाच इंची गादी. काठावर बसल्यावर ती खाली जात नव्हती आणि पलंगासह तिची उंची काकूंच्या गुडघ्याइतकी येत होती, म्हणजे उठताना आधार लागणार नाही. वर त्यांनी घरचीच एक पातळ कापसाची गादी घातली. घाम ती शोषते आणि धुळीने मळली तर पिंजून घेता येते.

किंमत पाहून ज्यांचे पाऊल अडखळते, त्यांच्यासाठी एक साधा हिशेब. समजा, सहा हजारांची गादी दोन वर्षे टिकली, तर एका रात्रीचे सव्वाआठ रुपये पडतात. अठरा हजारांची दहा वर्षे टिकली, तर पाच रुपयेही पडत नाहीत. मात्र महाग ती टिकाऊच, असा उलटा निष्कर्ष काढू नये. दहा वर्षांचा भरवसा काट्याने आणि बिलाने सिद्ध व्हायला हवा.

आपल्या वाचकांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. महागड्या गाद्यांच्या वरच्या थरात रेशीम, लोकर किंवा पिसे भरलेली असतात आणि विक्रेता ते अभिमानाने सांगतो. कापूस, काथ्या आणि लॅटेक्स ही वनस्पतिजन्य द्रव्ये आहेत, फोम रासायनिक. थरांची यादी लेखी मागितली की हा प्रश्न तेथेच सुटतो. ओल आणि अंधार यांत बुरशी होते आणि मग फवारणीची वेळ येते. ती येऊच नये यासाठी गादी कोरडी ठेवणे हाच जीवदयेला धरून असलेला मार्ग. पेटीच्या पलंगाला हवेसाठी भोके असावीत. कापसाची गादी महिन्यातून एकदा कडक उन्हात टाकावी. फोम आणि काथ्या मात्र थेट उन्हात नकोत, सावलीत वाऱ्याला उभे करावेत. पहिले वर्षभर दर दोन महिन्यांनी गादीचे डोके-पाय बदलावेत, नंतर वर्षातून तीन-चारदा; उलटता येत असेल तर उलटावीही.

जुन्या गादीचे काय करायचे, हेही विचारतात. कापसाची असेल तर तिच्या दोन उश्या आणि एक बैठक होते. फोमची असेल तर शेताच्या बांधावर नेऊन जाळू नये. त्या धुरात विषारी वायू असतात. भंगारवाल्याला आधी विचारावे, कारण फोमचे तुकडे रिबॉन्डेड गाद्या करणाऱ्यांना लागतात.